सोलापूरच्या पूर्व भागातलं एक सेवा केंद्र: पाचपैकी साडेचार

पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा कशाचा कापला ते पुढं येईलच, आधी साडेचार कशाचे ते सांगते. कारण सेवा केंद्राबद्दल कुणी कौतुकानं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. लोक जातात, पैसे देतात, कुरकुरत बाहेर येतात आणि दाखल्याची मुदत संपली की पुढच्या वर्षी परत तिथंच जातात.

कन्ना चौकातून साखर पेठेकडं वळलं की आतल्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानासमोर हे केंद्र आहे. बोर्डावर सगळीकडं असतं तेच, ‘आपले सरकार सेवा केंद्र’. गल्लीत मात्र त्याला अक्काचं सेंटर म्हणतात. अक्का म्हणजे ते चालवणारी बाई. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर, मदतीला कॉलेजात जाणारी एक पोरगी, आणि वर एक पंखा. त्या पंख्याचा आवाज इतका, की सगळे वरच्या पट्टीत बोलतात. म्हणजे तुमच्या घरचं वार्षिक उत्पन्न किती, ते मागच्या बाकावरच्या चार जणांना तुमच्याआधी कळतं. तेवढं सहन करायचं.

मी कोण ते सांगायला पाहिजे. मी एका मेडिकलमध्ये काउंटरला असते. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि आपल्या सोलापुरी हिंदीत सांगण्यात माझा दिवस जातो. त्यामुळं दुसऱ्याच्या काउंटरसमोर उभी राहिले की माझं पहिलं लक्ष समोरचा माणूस बोलतोय कसा, तिकडं जातं. घरी आमच्या तेलुगू. शाळा माझी मराठी माध्यमाची, दहावीपर्यंत मराठीत मार्क कायम चांगले. अम्मा विड्या वळते, अव्वानं, म्हणजे आजीनं, आयुष्यभर विड्याच वळल्या. दोघींना मराठी कळतं, भाजी घेण्यापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. अव्वाला तर सहीसुद्धा नाही, अंगठा.

धाकट्या भावाच्या अ‍ॅडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर आणि डोमिसाइल अशी सगळी माळ लागणार होती. आधी आम्ही रीतसर एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीतच आहे. खिडकीतल्या साहेबांनी अम्माला विचारलं, “काय काम आहे?” अम्मानं सांगायला सुरुवात केली, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. साहेब म्हणाले, “मराठीत बोला ओ बाई, मागं लाईन बघा किती आहे.” लाईन होती, खोटं नाही. त्यांच्या जागी मी असते तर संध्याकाळपर्यंत माझाही आवाज चढला असता. पण अम्मा गप्प बसली ती बसलीच. मग मी पुढं झाले, मला फॉर्म मिळाला. म्हणजे तीच खिडकी, तोच फॉर्म, तीच फी. फक्त माझ्यासाठी ती उघडी होती आणि अम्मासाठी बंद. जिच्याबरोबर मराठी शिकलेली लेक नसेल तिनं काय करायचं? ती बाहेर झाडाखाली बसलेल्या एजंटाकडं जाते. आमच्या शेजारच्या बाईनं एका उत्पन्नाच्या दाखल्याचे असेच पाचशे मोजले. पावती मागितली तर एजंट हसला.

आणि अर्धा दिवस गेला म्हणजे पाचशे विड्या गेल्या, हे त्या कार्यालयात कुणाच्या डोक्यातही येत नाही. विडीचा पगार हजारी विड्यांवर असतो. रजा टाकून येणारा माणूस वेगळा आणि वळायच्या विड्या टोपलीत सोडून येणारी बाई वेगळी.

आता अक्काच्या सेंटरचं.

दारातून आत गेलं की अक्का मान वर करते आणि बोलायला लागते ते समोरच्याच्या भाषेत. तिला कसं कळतं देव जाणे. कन्नड आजी आली की “बर्री, कुंद्री”, बुरख्यातली बाई आली की “क्या होना अम्मी?”, आमच्यासारखे आले की तेलुगू. मराठी माणसाशी मराठी, तेही आपलं सोलापुरी, ‘काय की’ आणि ‘होय की’वालं. यात तिला काही विशेष वाटत नाही, आणि खरं म्हणजे या गावात वाटायचं कारणही नाही. वारंगल, करीमनगर, नलगोंड्याकडून विणकर आले ते माग आणि गिरण्यांच्या ओढीनं. अक्कलकोट ओलांडलं की कानडी मुलूख सुरूच होतो. बेगम पेठ, नई जिंदगीत उर्दू. महापालिकेच्या शाळासुद्धा चार भाषांच्या आहेत. चार हुतात्मा चौकातले पुतळे बघा: धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिलं. ब्रिटिशांनी कुणाच्या घरात काय बोलतात ते विचारलं नव्हतं. दरवर्षी आपण त्यांना हार घालतो, भाषणं ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर “मराठीत बोला ओ बाई”.

पण मला अक्काचं गोड बोलणं विकायचं नाही. गोड बोलणारे एजंटही असतात. अक्का जे करते ते पुढचं आहे.

आमच्या घरात एका माणसाची चार नावं आहेत. तेलुगू रिवाजात घराण्याचं नाव आधी, माणसाचं नंतर. मराठी कागदावर आधी माणूस, मग बाप किंवा नवरा, मग आडनाव. अम्माच्या आधारवर घराणं आधी, रेशनकार्डावर शेवटी, बँकेत घराण्याचं नुसतं पहिलं अक्षर, आणि माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर तिचं लग्नाआधीचं नाव. त्यात स्पेलिंग. येमुल असेल तर कुठं यमुल, कुठं एमुल, इंग्रजीत आणखी तिसरंच. हे फक्त आमचं नाही. कानडी घरातली मल्लव्वा कागदावर मल्लम्मा होते, मुसलमान बाई कधी बी, कधी बेगम, कधी नुसतीच. कॉम्प्युटरला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात, आणि अर्ज ‘नावात तफावत’ म्हणून परत येतो. परत आल्यावर एजंट काय करतो? नव्यानं अर्ज भरतो, नव्यानं पैसे घेतो.

अक्कानं काय केलं, तर अर्ज भरायच्या आधीच एक कोरा कागद घेतला. त्यावर उभ्या रेघा मारल्या: आधार, रेशन, शाळा, बँक. प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसं, अक्षर न बदलता, त्या-त्या रकान्यात लिहिलं. अम्माचं, अप्पाचं, भावाचं. जिथं जुळत नाही तिथं लाल पेनानं गोल. मग अम्माला तेलुगूत समजावलं, यातलं हे दुरुस्त केलंच पाहिजे, याला नुसतं स्वयंघोषणापत्र चालतंय, आणि हे तर असंच राहू दे, याचं कुणी विचारत नाही. तो कागद आम्ही अजून जपून ठेवलाय. पुढं गॅसच्या कामाला आणि बँकेच्या केवायसीला तोच उपयोगी पडला. सरकारी कागद नाही तो, पण आमच्या घरातला सगळ्यात कामाचा कागद तोच.

जातीच्या दाखल्याची गोष्ट आणखी वरची. पद्मशाली महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात, म्हणजे एसबीसीत येतात. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून घराणं महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. जमीन असलेल्या माणसाला सातबारा, फेरफार सापडतो. आमच्या ताताकडं, म्हणजे आजोबांकडं, जमीन कुठली, एक हातमाग होता, तोही भाड्याच्या खोलीत. तो चौथीपर्यंत महापालिकेच्या तेलुगू शाळेत शिकला, एवढाच काय तो त्याचा सरकारदरबारी मागमूस. शाळेतून मिळालेली नोंदीची नक्कल आम्ही त्याच कार्यालयात दाखवली तर उत्तर मिळालं, “हे कुणाला वाचता येतंय? मराठीत आणा.” शाळा महापालिकेची, रजिस्टर महापालिकेचं, आणि वाचता येत नाही म्हणून दोष ताताचा.

अक्कानं नक्कल हातात घेतली, वाचली. तिला तेलुगू वाचता येतं, हा नशिबाचा भाग. मग म्हणाली, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना अर्ज द्या, जनरल रजिस्टरवरून निर्गम उतारा मराठी नमुन्यात द्या म्हणावं, सही-शिक्क्यासहित. अर्ज तिनंच लिहून दिला. उतारा मिळाला. मुख्याध्यापक बाईंनी कसलीही खळखळ केली नाही, उलट चहा विचारला. एवढंच काम होतं. ते खिडकीतल्या साहेबांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर आमचा मधला सगळा हेलपाटा वाचला असता.

मग वंशावळ. अव्वाला समोर बसवून अक्कानं एकेक नाव बोलून घेतलं. अव्वाची गंमत अशी की ती नवऱ्याचं नाव घेत नाही. ताता जाऊन इतकी वर्षं झाली तरी घेत नाही. बाकावरच्या सगळ्या बाया हसायला लागल्या. अक्का म्हणाली, बरं राहू दे, मी म्हणते, तुम्ही मान हलवा. अव्वानं लाजत मान हलवली. सरकारी कामात मी पहिल्यांदाच तिला हसताना बघितलं.

सगळ्यात मोठा अर्धा तारा द्यायचा असेल तर तो मी पुढच्या गोष्टीला देईन. स्वयंघोषणापत्रावर सही घेण्याआधी अक्का ते वाचून दाखवते. आधी जसं आहे तसं मराठीत, मग समोरच्याच्या भाषेत अर्थ. दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाली तर मी शिक्षेला पात्र राहीन, हे वाक्यसुद्धा. अम्मा ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, “हे नेहमी असतंय यात?” अक्का म्हणाली, असतंय. अम्मा माझ्याकडं बघायला लागली. रेशनला, बँकेला, बचत गटाला, भावाच्या शाळेला तिनं किती सह्या केल्या असतील, तिचं तिलाच माहीत.

यावरून माझं म्हणणं कुणी वेगळं समजू नये म्हणून स्पष्ट लिहिते. दाखला मराठीतच असावा. राज्याची भाषा मराठी आहे, माझी शाळेची भाषा मराठी आहे, हे मी लिहितेय तेही मराठीतच. तेलुगूत दाखला द्या असं अम्माही म्हणत नाही. तिचं मागणं इतकंच, की ती ज्याच्याखाली सही करते ते काय आहे, हे सहीच्या आधी तिला कळावं. आणि तक्रार करायची वेळ आलीच तर घटनेचं कलम ३५० आहे. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क त्यात प्रत्येकाला दिलेला आहे. हे मला अक्काकडूनच कळलं.

दराचा बोर्ड भिंतीवर आहे. वर सरकारी छापील, मराठी. त्याखाली अक्कानं पुठ्ठ्यावर हातानं तेलुगू आणि कन्नडमध्ये लिहून चिकटवलंय, आणि उर्दूतला कागद शेजारच्या टेलरच्या पोराकडून लिहून घेतलाय. कोपऱ्यात तेलाचे डाग, पण आकडे ठळक. दाखल्याचे ते जुने ३३ रुपये ६० पैसे सगळ्यांना पाठ होते. २०२५ मध्ये दर वाढले तेव्हा बऱ्याच ठिकाणी जुना बोर्ड काढला आणि नवा लावलाच नाही. इथं नवा आकडा चारही लिप्यांत आहे. मी असताना एका गृहस्थांनी विचारलं होतं, “सरकारी जागेत हे उर्दू-बिर्दू चालतंय का?” अक्का त्यांच्याशी वाद घालत बसली नाही, टायपिंग करत राहिली. मी मात्र घरी येऊन शोधलं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीबरोबर उर्दूतही नाव होतं, त्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ ला कोर्टानं निकाल दिला, की मराठी असताना तिच्या जोडीला उर्दू लिहायला स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेबद्दलच्या राज्याच्या २०२२ च्या कायद्यानं मनाई केलेली नाही. ते गृहस्थ परत भेटले तर सांगेन म्हणते.

पैसे दिले की पावती मिळते, आणि पावतीवर अर्ज क्रमांकाखाली अक्का पेनानं एक तारीख लिहिते. ही तारीख म्हणजे दाखला मिळायची शेवटची मुदत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यानुसार अधिसूचित सेवेला मुदत आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, डोमिसाइललाही १५. मुदतीत मिळाला नाही किंवा नाकारला, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्यावर दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोगाकडं तिसरं. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुदत, फी, अधिकारी कोण, अपील कुणाकडं, हे सगळं कार्यालयात फलकावर लावायचं बंधन आहे. फलक असतात, नाही म्हणत नाही. पण ते बारीक अक्षरात, मराठीत, आणि बहुतेक वेळा कपाटाच्या मागं. वाचता न येणाऱ्या बाईला पावतीवरची एक तारीख पुरते. कॅलेंडर तर प्रत्येक घरात आहे.

भावाचं डोमिसाइल त्या तारखेला आलं नाही. अम्मा म्हणाली, थांबू या, उगाच साहेब चिडतील. आमच्याकडं ही एक भीती असते, की आपण बोललो तर आपलंच काम अडेल. अक्कानं ऑनलाइन पहिलं अपील टाकलं, त्याचीही पावती दिली. आठवड्याच्या आत दाखला आला. अपिलामुळं आला की येणारच होता, ते मी सांगू शकत नाही. पण मुदत उलटल्यावर बोलणं म्हणजे भांडण नव्हे, हे अम्माला त्या दिवशी पटलं. आता ती गल्लीतल्या बायांना विचारत असते, “तुझ्या पावतीवर तारीख लिवली का?”

अव्वाच्या हयातीच्या दाखल्याचं सांगायचं राहिलं. विडी कामगारांना पीएफ असतो, त्यामुळं अव्वाला पेन्शन आहे. फार नाही, ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयेच आहे. तरी ते हजार तिचे स्वतःचे आहेत, त्यातनं ती नातवंडांना गड्ड्याच्या जत्रेत पैसे देते. त्यासाठी वर्षातून एकदा ती जिवंत आहे हे बोट लावून सिद्ध करावं लागतं, आणि बोटं तर विडीनं खाल्लेली. फर्मा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा; उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला रेषाच राहिलेल्या नाहीत. हात लावून बघितलं तर गुळगुळीत लागतात. आधी ज्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथला पोरगा बोट दाबून दाबून कंटाळला आणि म्हणाला, “होत नाही आजीचं, पुढच्या आठवड्यात आणा.” पुढच्या आठवड्यात रेषा उगवणार होत्या बहुतेक.

अक्कानं ओल्या फडक्यानं बोटं पुसली, कोरडी केली, थोडं व्हॅसलीन लावलं. अंगठा सोडून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट लावून बघितलं, कारण विडी वळताना त्यांच्यावर भार कमी येतो. मशीननं तरीही नाही म्हटलं. मग मोबाइलवर चेहऱ्यानं करायचं ठरलं. हयातीच्या दाखल्यासाठी आता तशी सोय आहे, वेगळं मशीन लागत नाही. अडचण अशी आली की त्यात पापण्या मिटून उघडायच्या असतात, आणि अव्वाला वाटलं फोटो काढतायत. तिनं पदर नीट डोक्यावर घेतला, मान ताठ केली आणि डोळे असे वटारून ठेवले की जणू स्टुडिओत बसलीय. अक्का तेलुगूत सांगतेय मीट, उघड, आणि अव्वा हलायला तयार नाही. शेवटी अक्कानं स्वतःच तिच्यासमोर बसून पापण्या मिचकावल्या, तेव्हा अव्वानं तिची नक्कल केली आणि झालं. वर अक्कानं हेही सांगितलं, की ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरची गर्दी करायची गरज नाही. वर्षात कधीही दाखला दिला तरी तिथून पुढं वर्षभर चालतो. हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि दर नोव्हेंबरात अव्वा रांगेत उभी राहायची.

आता कापलेला अर्धा तारा.

सेंटरला दोन पायऱ्या आहेत, खाली उघडी गटार, त्यावर फरशी. रॅम्प नाही. आमच्या गल्लीत पोलिओ झालेले एक काका आहेत, तीनचाकी सायकलवर फिरतात. ते आले की अक्का कागद घेऊन रस्त्यावर येते, तिथंच सही घेते. तिची भावना चांगली आहे, पण काकांना उन्हात, रिक्षावाल्यांचे हॉर्न ऐकत आपलं काम उरकावं लागतं, आणि बाकीच्यांना पंख्याखाली बाक. जे अम्माला खिडकीवर झालं तेच काकांना पायरीवर होतंय, फक्त इथं कुणी खेकसत नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. लाकडी फळी टाकली तरी सुरुवात होईल. मी अक्काला हे तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली जागा भाड्याची आहे, मालक ऐकत नाही. मालकाला मी ओळखते, आमच्याच मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या नेतो. बघते.

सर्व्हर डाऊन असतो, तो दोष तिचा नाही. जूनमध्ये दहावी-बारावीच्या निकालानंतर पाय ठेवायला जागा नसते, तोही नाही. खरी काळजी वेगळी आहे. हे सगळं एका बाईच्या डोक्यावर चाललंय. मधे तिला टायफॉइड झाला तर सेंटर बंद, आणि गल्ली परत एजंटाच्या झाडाखाली. मदतीची पोरगी हुशार आहे, पण तिला कन्नड येत नाही. उर्दूतला कागद आला की टेलरचा पोरगा जागेवर असेल तरच काम पुढं सरकतं.

आणि पैशाचं गणित बघा. केंद्रचालकाला अर्जामागं ठरलेला वाटा मिळतो. पाच मिनिटांत उरकलेल्या अर्जाला जेवढा, तेवढाच तासभर वंशावळ बोलून घेतलेल्या अर्जाला. म्हणजे जी बाई अव्वाला पापण्या मिटायला शिकवते ती स्वतःच्या खिशातून शिकवते. मग बाकीची केंद्रं घाई का करतात, याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्यांना दोष देण्याआधी सरकारनं बोलण्याच्या वेळेचेही काही पैसे धरावेत. वाचून आणि समजावून दिलेल्या अर्जाला जादा वाटा ठेवावा, किंवा पूर्व भागात, नई जिंदगीत, नीलम नगरात महापालिकेच्या खर्चानं दोन-दोन भाषा येणारी माणसं बसवावीत. शोधायला लांब जावं लागणार नाही. आमच्या प्रत्येक गल्लीत अशा बारावी झालेल्या पोरी आहेत ज्या घरबसल्या शेजाऱ्यांचे फॉर्म फुकट वाचून देतात.

जाणार असाल तर: सकाळी कारखान्यात विड्या देऊन बाया परस्पर तिकडंच येतात, तेव्हा गर्दी असते. चारनंतर जा. आधार, रेशनकार्ड, वीजबिल आणि घरातला सापडेल तो जुन्यात जुना कागद न्या, फाटका असला तरी, कुठल्याही भाषेतला असला तरी. आधारला जोडलेला मोबाइल बरोबर असू द्या आणि तो चार्ज केलेला असू द्या, ओटीपी त्याच्यावर येतो. पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा असं कुणी म्हणालं तर विकत घेण्याआधी अक्काला विचारा, दाखल्याला सहसा लागत नाही. मूळ कागद तिथं ठेवून येऊ नका, ती ठेवून घेतही नाही. झेरॉक्स समोरच मिळते, पण झेरॉक्सवाला दुपारी जेवायला गेला की पाचला उगवतो, त्यामुळं त्या घरूनच काढून न्या.